फुकटच्या तीन फ्लॉप्या आणि एक कोरं पान

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. बोटं कामात असतात, तोंडं मोकळीच! त्यात आमच्या सेलूच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला आणि मग तर विचारूच नका. माणसं तीनच: मालक देशमुख सर, वीस वर्षं टायपिंग शिकवणाऱ्या शकुंतलाबाई आणि मी.

*

सरांनी परभणीहून फुकटातल्या प्रोग्रॅमच्या तीन फ्लॉप्या आणल्या. त्यातला एक निवडायचा होता. पहिला कुठलीही फाईल उघडून दाखवायचा, पण एक अक्षर बदलू देत नव्हता.

सर वैतागले, "हा तर आमच्या मेव्हण्यासारखा हाय. वाचतो समदं, हात कशालाच लावत न्हाई!"

*

दुसरा टाईप करू द्यायचा, छापू द्यायचा, पण साठवून ठेवत नव्हता. मशीन बंद झालं की सगळं गेलं. तिसरा सगळं करायचा, फक्त प्रत्येक पानाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ आपोआप छापायचा. आम्ही म्हटलं, छापू दे, कोण वाचतंय!

पहिलंच काम आलं ते एका नवऱ्यामुलाच्या बायोडाट्याचं. चार दिवसांनी मुलाचे वडील तणतणत आले. मुलीकडच्यांनी ती ओळ हेडमास्तरांकडून वाचून घेतली होती. मोफत नमुना, विक्रीसाठी नाही!

"देण्याघेण्याची बोलणी चालू हायेत, अन् तुमी हे काय छापून दिलंय?"

तिसरा बाद. राहिला दुसरा.

*

शकुंतलाबाईंची तऱ्हाच वेगळी. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हातानं कागदाचा गाडा ढकलायची सवय. इथं त्या स्क्रीनलाच ढकलायच्या. दुपारपर्यंत स्क्रीन टेबलाच्या टोकाला!

सर ओरडले, "बाई, पडंल ना!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग टेबल मोठं आणा."

*

एकदा त्यांनी दोन कागदांत कार्बन घालून प्रिंटरमध्ये सरकवला. मी पोट धरून हसलो. प्रिंटर रिबिनीवर करकर ठोके मारून थांबला. खालची कॉपी वरच्यापेक्षा ठळक!

*

पूर्णेहून अशोक यायचा, एम.फिल.चा प्रबंध घेऊन. पान टाईप करायचं, लगेच छापायचं, असं करत सगळं झालं. राहिलं पहिलं पान. त्यावर विद्यापीठाचं नाव येतं.

"नामांतर झाल्याबिगर ते पान न्हाई," अशोक म्हणाला. "माझ्या वडिलांनी त्या नावासाठी जेल बघितलाय."

संक्रांतीनंतर तीनच दिवसांनी त्याची मुदत संपत होती. नाहीतर दोन वर्षांचं काम पाण्यात. सरांना राहवेना. "जुन्या नावानं टाक की गड्या! मुदत कुणासाठी थांबायलीय?" मी रोज पेपरची वाट बघत दारात उभा. शकुंतलाबाई मात्र या विषयावर कधी बोलल्याच नाहीत. त्यांच्या घरचे नामांतराच्या कट्टर विरोधातले.

संक्रांतीला नामांतराची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अशोक हजर. दुपारच्या गाडीनं त्याला औरंगाबाद गाठायचं होतं. मी घाईघाईनं पान टाईप केलं, प्रिंटरला कागद लावला आणि लाईट गेली! पान गेलं. मला रडायचंच बाकी होतं.

शकुंतलाबाई उठल्या. जुन्या टाइपरायटरवरचं कापड काढलं, बसल्या.

"किती कॉप्या?"

"चार."

त्यांनी कागद, कार्बन लावले. "विद्यापीठाचं नाव सांग."

अशोकनं पूर्ण नाव सांगितलं.

कुणी कितीही भराभर सांगो, एकदा ऐकून टाईप करणाऱ्या बाई. त्यांचे हात तसेच वर राहिले.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."