काळा विंचू आणि त्याचे रविवार

माझ्या साडूभाऊंनी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या उभ्या खानदेशात दुसऱ्या कुणी खाल्ल्या नसतील. त्या दारूपायी नव्हेत की भावबंदकीपायी नव्हेत. शिव्या खाणं हा त्यांचा धंदाच होता. घरोघर केबल आली आणि माणसं परदेशी पहिलवानांच्या मारामाऱ्या बघून खुळावली, तेव्हा भुसावळच्या एका मंडपवाल्याने आपलेच बांबू, दोर आणि फळ्या वापरून तसल्या कुस्त्यांची कंपनी काढली. जळगाव-धुळ्याकडच्या जत्रांतून तिचे खेळ होत. त्यात साडूभाऊ ‘काळा विंचू’ होते. तोंडावर काळा बुरखा, अंगात काळा बनियन. काम एवढंच, की समोरच्याच्या डोळ्यांत माती टाकायची, पंचावर गुरगुरायचं, पाठीमागून वार करायचा आणि शेवटी हरायचं. कोण जिंकणार हे मंडपवाला दुपारी जेवतानाच सांगून टाकी.

एरवी हा माणूस दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एका कँटीनमध्ये चहा करायचा. आवाज इतका मऊ की गिऱ्हाइकाला ‘साखर कमी का?’ हे त्यांना दोनदा विचारावं लागे. पालीला भीत. बुरखा आमच्या मेहुणीने जुन्या परकराच्या अस्तरातून शिवला होता आणि नाकाची भोकं जरा वरच पडली होती. पण बायकोला वाईट वाटेल म्हणून त्यांनी सगळी कारकीर्द तोंडाने श्वास घेत काढली. धुळ्याला एका म्हातारीने त्यांना आखाड्याच्या कडेला गाठून छत्रीने बडवलं, तर खेळ संपल्यावर हे तिला शोधत गेले. “आजी, छत्रीची काडी तर नाही ना मोडली?” जळगावच्या बाजारात एका भाजीवालीने त्यांना नुसत्या चालीवरून ओळखलं आणि भरताची वांगी द्यायचं साफ नाकारलं. हे त्यांनी आम्हाला इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू सरकारने शाल-श्रीफळ दिलं असावं.

पण त्यांच्या एका सवयीचं बाकीच्यांना हसू यायचं, मला येत नसे. कुठलंही लाकडी स्टेज दिसलं की ते आधी त्याच्याखाली शिरत. माझ्या मुलीच्या लग्नात नवा सदरा घालून साडूभाऊ स्टेजखाली रांगत होते आणि एकेक फळी मुठीने ठोकून बघत होते. वरपक्षाच्या मंडळींना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. बाहेर आले तेव्हा केसांत कोळिष्टकं होती. “डावीकडची एक फळी बदलायला सांगितलीय,” ते मला म्हणाले, “तोवर मुलीला वर चढवू नका.” फळी बदलेपर्यंत मुहूर्त थांबला. मी कुणाला काही बोलू दिलं नाही, कारण पारोळ्याला काय झालं ते मला ठाऊक होतं.

कंपनीत विंचवाला हरवणारा ‘वाघ’ म्हणजे भिला. पारोळ्याजवळच्या खेड्यातला, मातीतला खरा पहिलवान. रोज संध्याकाळी हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठत आणि नंतर एकाच ताटात जेवत. पारोळ्याच्या खेळाला भिलाचं सगळं गाव लोटलं होतं. त्याची आई पहिल्यांदाच लेकाचा खेळ बघायला आली होती, पुढच्याच रांगेत बसली होती. ठरल्याप्रमाणे विंचवाने वाघाला डोक्यावर उचललं आणि पाठीवर आपटलं. हे त्यांनी शंभरदा केलेलं. पाठीखालची फळी दबते, मोठा आवाज होतो, माणसाला काही होत नाही. त्या दिवशी फळी मोडली. भिलाची मान खालच्या आडव्या बांबूवर आपटली.

साडूभाऊ त्याच्यावर वाकले. भिला हळूच म्हणाला, “भाऊ, मना पाय कोठे शेतस?” त्याला स्वतःचे पाय जाणवतच नव्हते.

साडूभाऊंनी बुरखा ओरबाडून काढला आणि ओरडायला लागले, “डॉक्टर बोलवा! खेळ थांबवा!” लोक हसले. विंचवाची ही नवी लबाडी त्यांना भारी आवडली. कर्ण्यावरून सांगणाराही रंगात आला, “बघा मंडळी, विंचू कसं रडण्याचं सोंग करतोय!” हात जोडून आखाडाभर फिरणाऱ्या त्या माणसावर चपलांचा पाऊस पडला. आपल्या कामात ते इतके चोख होते, की खरं बोलायची वेळ आली तेव्हा एकाही माणसाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पंच स्वतः खाली उतरून गाडी आणायला धावला, तेव्हा कुठे हशा थांबला.

भिला जगला, पण मानेखालचं शरीर गेलं. मंडपवाल्याने कंपनी गुंडाळली आणि तो पुन्हा लग्नाचे मांडव घालू लागला. साडूभाऊ दर रविवारी एसटीने भिलाच्या गावी जाऊ लागले. त्याची आई त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. फळीचं तिला सांगून काय उपयोग? तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. “तूच पाडं त्याले,” एवढाच ठपका ठेवी आणि दार लावून घेई. हे अंगणातल्या लिंबाखाली बसून राहत आणि शेवटच्या गाडीने परत येत. मी एकदा म्हटलं, “अहो, कशाला जाता?” तर म्हणाले, “आत आवाज जातो ना माझ्या खोकल्याचा. त्याला कळतं, मी आलोय.”

एका पावसाळ्यात म्हातारीने स्वतःच दार उघडलं. भिलाच्या पाठीला जखमा झाल्या होत्या आणि तिला त्याची कूस बदलता येईना. “मना हात चालतस नही आते,” ती म्हणाली. “ये. उचल त्याले.”

त्या दिवसापासून साडूभाऊ त्याला उचलून न्हाणीत नेत, अंघोळ घालत, जखमा पुसत, दाढी करत. कुणी नवखा विचारू लागला की भिला खाटेवरून ओळख करून देई, “हाऊ मना दुश्मन शे!” आणि दोघे हसत. अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी जखमाच आत गेल्या, ताप उतरेना, आणि गेल्या थंडीत भिला गेला.

आता रविवारी जायचं कारण उरलं नाही, तरी साडूभाऊ जातातच. मागच्या महिन्यात मीही बरोबर गेलो. म्हातारी मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. हेही समोर बसले आणि सोलायला लागले. शेंगा संपत आल्यावर तिने मान वर न करता विचारलं, “पडना तव्हय त्याले दुखनं व्हई का रे?”

“नाही दुखलं, माय,” साडूभाऊ म्हणाले. “त्याला काही कळलंच नाही.”

तिने मान हलवली. मग उठून आम्हा दोघांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि आम्ही जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

परतीच्या गाडीत साडूभाऊ खिडकीशी बसले. बाहेर कापसाची शेतं मागे जात होती. थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. एवढा आडदांड माणूस, पण वजन काही जाणवलं नाही. एरंडोल येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.