शेजारणीचे सासरे आणि ट्राउट

माझ्या शेजारणीच्या सासऱ्यांइतका एका माशावर जीव टाकणारा माणूस सगळ्या अमिरातीत दुसरा नसेल. उभी नोकरी त्यांनी हिमाचलच्या मत्स्य खात्यात, थंडगार नद्यांच्या काठी बसून रानट्राउटची वीण बघण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर मुलाकडे आले ते थेट दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "कसे आहात काका?" म्हटलं, तरी मादीसाठी झुंजणाऱ्या नरांची हकिगत सुरू व्हायची आणि ऐकणाऱ्याचा मजला निघून जायचा. सुपरमार्केटात बर्फावर मांडलेली ट्राउट दिसली की काका हात जोडायचे. खायची तर गोष्टच सोडा. एकदा मादी नदीच्या तळाशी खड्डा कसा करते हे मला दाखवायला ते बिल्डिंगखाली झाडाच्या आळ्यातल्या खडीवर चक्क कुशीवर आडवे झाले आणि शेपटीसारखे पाय आपटू लागले. वॉचमन धावत आला, "अंकल, खलास, बस हो गया! यल्ला, घर चलो." काका पडल्या पडल्याच म्हणाले, "रुको भाई, अभी अंडे देने हैं."

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मला अंथरुणातून उठायला बंदी केली. नवरा दिवसभर अबुधाबीच्या साइटवर. मग काका रोज सकाळी खुर्ची टाकून माझ्यापाशी बसू लागले. ऐकता ऐकता मला झोप लागायची आणि जाग यायची तेव्हा नदी तशीच चालू असायची. एका दुपारी पोटात कळ आली, रक्त दिसलं. काकांनी नदीची गोष्ट पहिल्यांदाच अर्ध्यावर सोडली. अँब्युलन्स बोलावली, माझा हात धरून आत बसले. नर्सनं "फादर?" विचारलं तर "येस" म्हणाले आणि नवरा पोहोचेपर्यंत दाराशी उभेच राहिले.

मुलगी झाली, सव्वा किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवून मला घरी सोडलं, तेव्हा माझा पाय गाडीत पडेना. "कसली आई मी, पोरीला टाकून निघाले!"

काका हळू आवाजात म्हणाले, "ट्राउटची मादी अंडी खडीखाली नीट झाकते आणि निघून जाते, पोरी. टाकून नाही जात. तिचं काम तिनं केलेलं असतं. पुढचं वाहतं पाणी बघतं. इथं या नर्सेस बघतील. चल, दोन घास खा, उद्या परत येऊ."

रोज परत आलो. सहा आठवड्यांनी तिला घरी आणलं.

काका आता पुण्याला, आपल्या मूळ घरी परत गेलेत. मुलगी चार वर्षांची झाली, त्यांच्याशी फोनवर इंग्रजीतच बोलते. मी आभाराचा विषय काढला की ते म्हणतात, "आवाज तुटतोय गं." आणि लगेच विचारतात, तिचं वजन किती झालं. ते मात्र त्यांना अगदी स्वच्छ ऐकू येतं.