आत्याच्या कादंबरीतली बाई

मराठी कादंबऱ्यांतल्या सगळ्या लढाया जिंकून झाल्यावर त्या सैन्याला जेवायला कोणी वाढलं, याची चौकशी करणारी एकच व्यक्ती साऱ्या वर्धा जिल्ह्यात होती, आणि ती माझी आत्या होती. सिंदी मेघेच्या तिच्या दोन खोल्यांत भिंतभर ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या आणि त्यांतल्या प्रत्येक सरदारासाठी ती तरुणपणी मनापासून रडली होती. साठी ओलांडल्यावर शेजारणीला सोबत म्हणून ती स्त्रीमुक्तीच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेली. शेजारीण दुसऱ्याच दिवशी परतली. आत्या शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसली आणि घरी येऊन तिनं ती सगळी भिंत पुन्हा वाचायला घेतली. "चाळीस वर्षं मी त्याइच्या घोड्यावर बसून वाचत होती," ती मला म्हणाली. "आता खाली उतरून चालून राह्यली, त भलतंच दिसून राह्यलं." गोष्टीतली बाई नवऱ्यापायी मेली की ती समासात पेन्सिलीनं फुली मारी. एका जाड कादंबरीत सात फुल्या झाल्या, तेव्हा ती उठून चहा करायला निघून गेली.

मग तिनं स्वतःच लिहायला घेतलं. भोसल्यांच्या काळातली एक गढी आणि तिथं भाकऱ्या थापणारी एक बाई, एवढीच गोष्ट. पाहिल्याशिवाय ती ओळ लिहीत नसे. एका गढीवर माहिती सांगणाऱ्या मास्तरांनी सरदाराची बैठक दाखवली, तोफेची जागा दाखवली. आत्यानं विचारलं, "अन् बायका सकाळी कुठं जात होत्या, गुरुजी?" मास्तर म्हणाले, "ते कुठं लिहून नाही, ताई." "म्हणून त मी लिहून राह्यली," आत्या म्हणाली. कारंज्याच्या नातलगांकडून जातं आणवून ती एक दिवस पहाटेपासून ज्वारी दळत बसली. पुढचे तीन दिवस तिचा हात वर गेला नाही. चौथ्या दिवशी तिनं नायिका दळताना रात्रभर गोड ओव्या गाते ते अख्खं प्रकरण फाडलं. तिच्या कादंबरीत लढाई दिसतच नाही. संध्याकाळी टोपल्यात किती भाकऱ्या उरल्या, त्यावरून बायकांना कळतं की किती जण आले नाहीत. हे पान टाइप करताना मला मध्येच उठावं लागलं होतं.

नागपूरच्या प्रकाशकांनाही ते पान आवडलं. शेवट मात्र आवडला नाही. नवरा लढाईत गेल्यावर बाईनं विहीर जवळ करावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. "वाचकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं," ते फोनवर म्हणाले. "पाणी पाहिजे त कांदे चिरा, भाऊ," आत्या शांतपणे म्हणाली. "माह्या बाईले मरायले सवड नाई. तिले उद्या दीडशे मानसाईचा सैपाक हाये." बाड परत आलं आणि दोन वर्षं पडून राहिलं. तोवर आत्या आजारी पडली आणि दुखणं बळावलं. तिच्या हातात पुस्तक पडावं, या हावेपायी मी एकदा भ्याडपणे म्हटलं, "आत्या, बदल ना शेवट. तुला बघायला तरी मिळेल." ती रागावली नाही. म्हणाली, "मले पाहाले भेटावं म्हणून तिनं मरावं का वो?"

शेवट बदलला नाही. आत्या उन्हाळ्यात गेली आणि पावसाळा सरता सरता अमरावतीच्या एका लहानशा प्रकाशन संस्थेनं कादंबरी जशीच्या तशी घेतली. प्रुफं माझ्याकडे आहेत. शेवटच्या पानावर ती बाई पिठाचे हात पदराला पुसते आणि गढीच्या दारातून बाहेर पडते. कुठं जाते, ते लिहिलेलं नाही. एरवी मी तिला प्रत्येक गोष्ट विचारत असे, हे तेवढं विचारायचं राहून गेलं. त्या पानावर छपाईची एकही चूक नाही. तरी मी ते अजून परत पाठवलेलं नाही.