फोनवर सांगितलेलं देवक

आता तुमच्यापासून काय लपवू? माझ्या पुतणीचं, मानसीचं, जमत आलेलं लग्न मी मोडलं. लालबागच्या आमच्या घरात, बनियन-लुंगीवर उभा राहून, फोनवर चार मिनिटांत.

मुलगा प्रभादेवीचा. दोघांची पसंती झालेली. मानसी तर आठवडाभर घरात गुणगुणत फिरत होती. मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा दादा, म्हणजे मानसीचा बाप, आंघोळीला गेलेला. मी उचलला. त्यांनी साधंच विचारलं, तुमचं देवक कोणतं?

मला ठाऊक नव्हतं. मग तसं सांगायचं ना? छे! मी आधी त्यांनाच देवकावर व्याख्यान दिलं. ती कुळाची खूण असते, त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, ते जाळत नाहीत, लग्नात त्याची फांदी पुजतात. आणि देवक एकच निघालं, तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. बोलता बोलता शोकेसमधल्या माझ्या लग्नाच्या फोटोवर नजर गेली. पूजेत कळंबाची फांदी दिसली. दिलं ठोकून, कळंब!

मग ते म्हणाले, "आमचंही कळंबच. तुम्हीच आत्ता म्हणालात, भाऊ-बहीण."

दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, आपला उंबर! कळंब तुझ्या सासुरवाडीचा. तो फोटो त्यांच्या पूजेचा."

लगेच उलटा फोन केला. पण आता कोण ऐकतंय? ते म्हणाले, "मुलीसाठी देवक बदलू नका हो." उंबराची फांदी दिसणारा आजोबांच्या लग्नाचा फोटो घेऊन मी प्रभादेवीला गेलो. त्यांनी चहा दिला, फोटो बघितला, परत केला. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं दुसरीकडे ठरलं.

मानसी मला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिचं गुणगुणणं मात्र थांबलं, ते मला अजून सलतं.

दोन वर्षांनी, यंदा, तिचं लग्न झालं. मुलगा चांगला आहे. परळच्या हॉलमध्ये देवक बसवताना भटजींनी विचारलं, "देवक कोणतं?" सवयीने माझं तोंड उघडलं. मानसीने उंबराची फांदी माझ्या हातात दिली.

"काका, तू नुसती धर."

धरली. पूजा संपेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.