धामणीचा तिरकमठा आणि ओल्या गोधड्या

आमच्या घराण्यात पराक्रम असा काही झालेला नाही, पण तिरकमठा होता.

पणजोबा त्याने रानडुकरं मारायचे म्हणे. (रानडुकरांची बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही.) पुढे शिकार बंद झाली, ते बरंच झालं, पण मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीने त्या तिरकमठ्याला काही निवृत्त होऊ दिलं नाही. दसऱ्याला देवळासमोरच्या आंब्याला कोहळा टांगायचा, आमच्या घरच्या माणसाने त्यात बाण मारायचा, आणि मगच गावाने एकमेकांना सोनं द्यायचं. तीन बाणांत कोहळा चुकला, तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे! तो कधी गेला नव्हता, कारण बाण मारायला अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. आता ते नाहीत. असते तर ही गोष्ट त्यांनी मला सांगूच दिली नसती.

त्या वर्षी माळ्यावरच्या तिरकमठ्याला वाळवी लागली आणि अण्णांचा खांदाही धरला.

"यंदा बाण तू मारायचा," अण्णा म्हणाले.

"मी?"

मी हिंजवडीला संगणकासमोर बसणारा माणूस! कागदाचा बोळा कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा तरी मला उठून जावं लागतं. तरी मी धीर करून म्हणालो, "अण्णा, हल्ली धनुष्य ऑनलाइन मिळतं. फायबरचं. घरपोच येतं."

"देवाम्होरं खेळणं न्हेतोस व्हय रं? तिरकमठा धामणीचाच पायजे. दुसऱ्या लाकडात त्यो जीव न्हाई."

आता धामण (साप नव्हे, झाड) आणायची कुठून? पूर्वी आमच्या डोंगरात ती बऱ्यापैकी दिसायची. मग डोंगरांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर बंगले आले आणि बंगल्यांपुढे परदेशी झाडं. पण आमच्याच वरच्या उतारावर एक धामण उरलेली अण्णांना ठाऊक होती. वैशाखाच्या उन्हात आम्ही दोघं निघालो. गुडघे त्यांचे दुखत होते आणि बसत मी होतो. झाडापाशी पोचल्यावर त्यांनी एक कोवळी डहाळी तोडून बांगडीसारखी मनगटाभोवती वळवली. मोडली नाही. मग एक सरळ फांदी निवडून तिला हात जोडले.

"येकच फांदी घेतोय गं बाई. रागवू नगंस."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता तिथून जाताना माझे हात आपोआप जोडले जातात, आणि अण्णांची फार आठवण येते.

कोयत्याने आकार आणि फुटक्या बाटलीच्या काचेने तासकाम, असा आमचा कारखाना पडवीत सुरू झाला. मी जरा जोर लावला की अण्णा ओरडत, "अरं, म्हशीची दाढी करतूयास का? हळू!" त्या पडवीत बापलेक जेवढे बोललो, तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. (त्यातलं बरंचसं बोलणं मला उद्देशून असलेल्या शिव्यांचं होतं, पण ते असो.)

तासलेली काठी आता वाळायला हवी. अण्णांनी ती अंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर, आढ्याला दोन्ही टोकं बांधून आडवी टांगली. "दसऱ्यापातुर धुरावं ऱ्हाऊ द्या. हिला कुणी हात लावायचा न्हाई!"

आईने हात अजिबात लावला नाही. गोधड्या लावल्या!

मुळशीच्या पावसात कपडे वाळत नाहीत, फक्त थोडे कमी ओले होतात. अशा दिवसांत खाली विस्तव आणि वर छान गुळगुळीत आडवी काठी दिसल्यावर कुठली बाई स्वस्थ बसेल? अख्खा पावसाळा त्या काठीवर घरातल्या ओल्या गोधड्या, अण्णांची घोंगडी आणि माझ्या जीन्स वाळल्या. अण्णा धुराने डोळे चुरचुरतात म्हणून तिकडे फिरकत नसत, आणि मी रोज वाळलेली जीन्स घालून खुशाल घोटावड्यामार्गे कंपनीत जात होतो.

घटस्थापनेला अण्णांनी काठी खाली काढली आणि एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली. काठीला बाक आला होता, पण भलत्याच बाजूला. दोरीकडे वाकायचं सोडून ती कडेला झुकली होती.

"ह्ये कुणी क्येलं?"

"काय क्येलं?" आई म्हणाली. "मी तर म्हनलं, किती दिसांनी ह्या मानसानं घरातलं काम क्येलं! कपडे वाळवायला काठी बांधली!"

"अगं, त्यो तिरकमठा हाय!"

"मग तसं सांगायचं हुतं. मला वाटलं काठीच हाय."

दुसरी काठी वाळवायला वेळ नव्हता. अण्णांनी ओली पोती गुंडाळली, दगड टांगले. काठीने निम्मं ऐकलं. वाखाची दोरी चढवून मी भुशाच्या पोत्यावर सराव सुरू केला. बाण हटकून डावीकडे जायचा. गोठ्याच्या दारातली म्हैस पहिल्या दिवशी कौतुकाने बघत होती; दुसऱ्या दिवसापासून ती आतच बसू लागली.

दसरा उजाडला. देवळासमोर गाव जमलं. मानावर डोळा ठेवून असलेले भावकीतले सदूकाका नव्या पांढऱ्या गाडीला झेंडूचा हार घालून हजर होते.

"जमंल का इंजिनेर? न्हाईतर आमी हाईच."

पहिला बाण सोडला. तो डावीकडे शुभेच्छांच्या फ्लेक्सवर, तिथल्या पुढाऱ्याच्या बरोबर नाकात! गावाने (पक्षभेद विसरून) टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी मी सगळा हिशेब करून भरपूर उजवीकडे नेम धरला. बाण यावेळी आज्ञाधारकपणे उजवीकडेच गेला आणि सदूकाकांच्या गाडीवरच्या हारात जाऊन रुतला.

"आरं माज्या गाडीनं काय क्येलंय तुजं!"

मी तिसरा बाण दोरीला लावला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान माझ्या हातून चालला होता, आणि समोर खुर्चीत अण्णा बसले होते. ते उठले. लंगडत माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि तिरकमठा धरलेल्या माझ्या मुठीवर त्यांनी आपला हात ठेवला. लहानपणी ओढ्यात पोहायला शिकवताना पोटाखाली असायचा, तोच खरबरीत हात.

"वढायचं तू. मी सांगंन तवाच सोडायचं."

त्यांनी माझी मूठ किंचित फिरवली. "सोड!"

बाण कोहळ्यात! गाव ओरडलं, हलगी वाजली, आणि पहिलं सोनं सदूकाकांनीच अण्णांच्या हातात दिलं. अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले, "कोहळा मोठा व्हता म्हून वाचलास."

पुढच्या दसऱ्याला अण्णा नव्हते. तिरकमठा हातात घेतला आणि मला भरून आलं. मागे कुणी येणार नाही हे कळत होतं, तरी मी वळून पाहिलंच. मान आज नक्की जाणार, असं मनाशी म्हणतोय तोच सदूकाकांनी गाडी सुरू केली आणि नेऊन थेट कोहळ्याखाली उभी केली.

"काका, अहो, तिथं कुठं?"

"मान तुमचाच ऱ्हाईल रं. लागंस्तवर मार, तुज्या बापासाटी आमी थांबू," काका खाली उतरत म्हणाले. "पर तवर आमी हितंच बरं. आख्ख्या आवारात तुजा बाण येत न्हाई आशी हीच येक जागा हाय!"

आणि बघता बघता सगळं गाव कोहळ्याखाली येऊन उभं राहिलं.