निंबाखालचे कूलर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, समितीतल्या सोबत्यांना तर नाहीच. पत्रकांतून मी पुष्कळांची लबाडी चव्हाट्यावर आणली. माझी एक तेवढी राहून गेली — राहून कशी जाईल? मी ठेवली.

हिंगणघाटला आमची ग्राहक समिती होती. पाच-सहा पोरं, एक भाड्याची खोली. मी वीस वर्षांचा, आणि लिहिणारा मीच. त्या वर्षी विषय होता कूलर. जुन्या कूलरला रंग मारून नवा म्हणून खपवायचे — हे खरं होतं, आजही खरं आहे. दोन मोठी दुकानं तेच करायची. पण त्यांच्या गोदामात आम्हाला कोण घेणार? दारातूनच हाकलायचे.

मधुकरभाऊंनी घेतलं.

जुने कूलर विकत घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे, हा त्यांचा धंदा. दुकान म्हणजे घराचं अंगण आणि एक निंबाचं झाड. मी सांगितलं, कॉलेजात आहे, काम बघायचं आहे. जानेवारीचे दिवस, लोक स्वेटर घालून फिरत होते, आणि भाऊंच्या अंगणात आठ कूलर पाणी भरून घरघरत होते. येणारे-जाणारे हसायचे. "काऊन भाऊ, निंबाले गर्मी होऊन राह्यली का?" भाऊ मान वर न करता म्हणायचे, "हो न. तू बी बस, डोकं थंडं होईन."

प्रत्येक कूलर ते पूर्ण खोलायचे. मोटरचं वाइंडिंग नवं, वायर नवी, टाकीचा गंज खरवडून मग रंग. आणि मग तीन दिवस सलग चालवायचे. इतकं कशाला, मी विचारलं. "एका उन्हाळ्याची गॅरंटी देतो मी. मे महिन्यात कोणाच्या घरी बंद पडला त मलेच उन्हात सायकल हाणत जा लागते, सामान बी माह्यंच. ज्याले मराचं हाय त्यानं आत्ताच मरावं, माह्या अंगणात." दारावर पाटी होती — जुना माल, दुरुस्त केलेला. मी ती वाचली. वहीत उतरवूनही घेतली.

मग पत्रक लिहायला बसलो. मोठ्या दुकानांबद्दल माझ्याकडे काय होतं? ऐकीव गोष्टी. डोळ्यांनी पाहिलेलं अंगण एकच. गंजक्या टाक्या, रंगाचे डबे, वाळत ठेवलेले ब्रश — ते सगळं लिहिलं. तीन दिवस चालवून बघणं लिहिलं नाही. पाटी लिहिली नाही. लिहिली तर पत्रकात दम राहणार नाही, असा विचार मी केला — पेन थांबवून, नीट केला. नाव टाकलं नाही. वाटलं, तेवढी नीती पुरे. पण झाड टाकलं. 'निंबाच्या सावलीत ग्राहकाच्या गळ्यावर सुरी!' ती ओळ मला फार आवडली होती. गावात निंबाखाली कूलर एकाच ठिकाणी होते, हे मला माहीत नव्हतं का?

मार्चमध्ये पत्रक वाटलं — बसस्टँडवर, बाजारात, कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर. एप्रिल संपला तरी निंबाखालचे कूलर जागचे हलले नाहीत. उलट, नेलेलेही लोक परत आणून ठेवत होते. चालू कूलर. भाऊ बटण दाबून दाखवायचे. कोणी पाहत नसे. वाटलेलं पत्रक परत गोळा करता येतं का? भज्याच्या पुड्यालाही तेच यायचं.

एक दिवस भाऊंनी मला रस्त्यात थांबवलं. खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. त्याच्याखाली फक्त समितीचं नाव होतं, आणि मी समितीतला, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? "तू आलता न बाबू, तुनं पाह्यलं सारं. शिकेल माणूस हायेस. याले एक जवाब लिहून देजो."

मी ते हातात घेतलं. माझंच. वाचल्यासारखं केलं. आणि म्हणालो — लिहितो, भाऊ.

नंतर ते दोनदा घरी आले. दोन्ही वेळा मी आतल्या खोलीत होतो, आणि मी घरी नाही असं आईला सांगायला लावलं.

पुढच्या जानेवारीत अंगण गप्प होतं. भाऊ त्या दोन दुकानांपैकी एकात कामाला लागले होते. एकदा गोदामाचं दार उघडं राहिलं होतं, तेव्हा दिसले — टाकीवर रंग मारत होते, गंज न खरवडता. तिथं कोण खरवडू देणार? त्यांनी मला ओळखलं. ब्रश काही थांबला नाही. "राहू दे आता बाबू," म्हणाले, "त्या जवाबाचं."

त्या गोदामाबद्दल मी कधीच लिहिलं नाही. आता तर डोळ्यांनी पाहिलं होतं — पण ब्रश कोणाच्या हातात होता, तेही पाहिलं होतं.

सहा वर्षं झाली. पत्रकं मी अजून लिहितो, लोक वाचतात. ती वहीही आहे. तिच्यात त्या पाटीची ओळ माझ्याच अक्षरात आहे, वळणदार, खाली रेघ मारलेली.