माझ्या वेगाचा फ्लेक्स

मी गाडी फार हळू चालवतो, याबद्दल निरगुडसरमध्ये दुमत नाही. माझ्या पिकअपमधून लग्नाला निघालेला पाहुणा थेट बारशाला पोचतो, असं माझा मित्र बबन सांगतो. (तो पाहुणा बबनच होता, म्हणून मी वाद घालत नाही.)

त्यामुळे माझ्या मोबाईलवर अतिवेगाचं चलान आलं आणि ते बबनने वाचलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत स्टँडवर फ्लेक्स लागला! गॉगल घातलेला मी, शेजारी झेप घेणारा वाघ आणि वर 'हार्दिक अभिनंदन'.

खरं तर त्या दिवशी गाडी माझी बायको सुनंदा चालवत होती. नारायणगावला टोमॅटोच्या लिलावाची वेळ होत आली होती आणि मी हळदीचं जेवण रिचवत शेजारच्या सीटवर झोपलो होतो. हे मी सांगणारच होतो. पण तोवर लोकांनी हात मिळवले, एकाने चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर कसं सांगणार?

शिवाय सुनंदाला शाळेची व्हॅन चालवायचं काम मिळत होतं. "तुझं नाव नको यायला, मी घेतो अंगावर," मी मोठ्या मनाने म्हणालो.

दंड मात्र अंगावर घ्यायची माझी तयारी नव्हती. घोडेगावात वकील गाठले.

"कबूल करून दंड भरा, नाहीतर लोकअदालतीत मिटवा," ते म्हणाले. "नाकबूल असेल तर केस चालेल, तारखांना यावं लागेल. आणि परत परत सापडलात, तर लायसनवर येतं."

"मग नाकबूलच करू की."

"राव, निरगुडसरच्या स्टँडवरचा तो वाघवाला फ्लेक्स तुमचाच ना?"

लोकअदालत ठरली.

तिथल्या मॅडमनी विचारलं, "गाडी तुम्हीच चालवत होता?"

"व्हय मॅडम," मी छाती काढून म्हणालो.

माझ्यासोबत आलेली सुनंदा उठली. "न्हाई मॅडम. गाडी मी चालवत व्हते. हे घोरत व्हते."

"अगं, व्हॅनचं काम जाईल," मी कुजबुजलो.

"जाऊ द्या. लोकांची पोरं न्यायचं काम हाय. त्याची सुरुवात खोटं बोलून नाय करायची."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलांनाही असंच पळवत नेणार का?"

"नाय मॅडम. टोमॅटोचा लिलाव गाठायचा व्हता, घाई केली, चुकलं. पोरांचा थोडाच लिलाव हाय?"

मॅडम हसल्या, पण दंड सोडला नाही. मला मात्र बायकोचा इतका अभिमान वाटला, की मी टाळ्याच वाजवल्या. शिपायाने मला खाली बसवलं.

गोष्ट शाळेपर्यंत गेलीच. मुख्याध्यापक बाईंनी सुनंदाला बोलावलं. आता काम गेलं, असं मी धरून चाललो होतो. "चुका झाकणारे ड्रायव्हर आमी लई बघितले," असं म्हणून बाईंनी व्हॅनची चावी तिच्या हातात ठेवली. तेव्हापासून ती व्हॅन अगदी बेताने चालवते आणि पोरं वेळेवर पोचतात. हे दोन्ही एकदम कसं जमतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बबननेही फ्लेक्स वाया जाऊ दिला नाही. वाघाच्या शेजारी आता सुनंदाचा फोटो चिकटवलाय. गॉगल घातलेला मीही आहे त्यावर. खाली, शुभेच्छुकांत, शेवटून दुसरा.